मुद्दल खाऊन वाढलेला विकासदर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अर्थविषयक पुरवणीत खनिजसंपन्न देशांच्या आर्थिक वाढीवर नुकताच जो विस्तृत लेख प्रसिद्ध झाला, त्यातील आकड्यांविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या आकड्यांना दिलेल्या नावाविषयी. लेखातील कोष्टकात गयाना हा देश अग्रस्थानी आहे आणि ते योग्यच आहे. २०१५ मध्ये या छोट्या देशाच्या किनाऱ्यापासून दूर, समुद्रतळाखाली तेलाचा मोठा साठा सापडला, डिसेंबर २०१९ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि २०२२ या एका वर्षात त्याचे सकल देशांतर्गत उत्पादन ६० टक्क्यांहून अधिक वाढले. यावरून लेखकाने असा निष्कर्ष काढला आहे की जमिनीखालची संपत्ती हे विकासाचे आयते इंजिन आहे आणि ‘संसाधनांचा शाप’, म्हणजे खनिजसंपत्तीमुळे देशाची वाढ खुंटते, ही कल्पना आता मोडीत काढायला हरकत नाही. शाप या शब्दावर माझाही फारसा विश्वास नाही. परंतु तेल विकून आलेल्या पैशाला ‘उत्पन्न’ म्हणण्यात जी चूक आहे, ती तशीच ठेवून शाप खरा की खोटा याचा वाद घालण्यात अर्थ नाही. पत्र थोडे लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

मी आयुष्यभर हिशेबतपासणीचे काम केले. उमेदवारीच्या काळात एका छोट्या कारखान्याच्या वह्या माझ्याकडे तपासायला आल्या होत्या. त्या वर्षी विक्री आदल्या वर्षाच्या दीडपट झालेली असल्याने मालक खुशीत होते. खतावणी चाळताना वर्षाच्या अखेरीस एकच मोठी रक्कम दिसली आणि तिच्यासमोर ग्राहकाच्या नावाऐवजी फक्त ‘मागील गोदाम’ असे लिहिलेले होते. कारखान्यामागचे गोदाम विकून आलेले पैसे त्यांनी सरळ विक्रीच्या खात्यात जमा करून टाकले होते. मी बोट ठेवले तेव्हा ते म्हणाले, “अहो, पैसे आले की नाही? मग झालं तर!” माझ्या वरिष्ठांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि एवढेच विचारले, “आणि पुढच्या वर्षी काय विकणार?” नोंद बदलली, तेव्हा त्या वर्षीचा नफा नाहीसा होऊन किरकोळ तोटा उरला.

जी चूक एखाद्या शिकाऊ उमेदवारानेही पकडावी, ती राष्ट्रांच्या हिशेबात वर्षानुवर्षे राजरोस होत आली आहे. सकल देशांतर्गत उत्पादन मोजताना खाणीतून काढलेल्या खनिजाच्या किमतीतून ते काढण्यासाठी बाहेरून घेतलेल्या मालाचा आणि सेवांचा खर्च वजा होतो आणि उरलेली सगळी रक्कम मूल्यवर्धन म्हणून जमेस धरली जाते. खाणीत आता तेवढे खनिज कमी उरले, ही गोष्ट कुठेच नावे पडत नाही. ‘सकल’ या शब्दाचाच अर्थ घसारा वजा न केलेले असा आहे. पण घसारा वजा करून काढलेल्या निव्वळ आकड्यातही आजवर यंत्रे, इमारती आणि रस्ते यांचीच झीज धरली गेली. साठ्याची झीज धरली गेली नाही. एखादे ड्रिलिंग यंत्र दहा वर्षांत निकामी होणार म्हणून त्याचा घसारा काटेकोरपणे लावायचा आणि ते यंत्र ज्या साठ्याला भोक पाडते, तो साठा वीस वर्षांत संपणार याची मात्र नोंदच करायची नाही, असा हा विचित्र हिशेब आहे.

अर्थशास्त्रज्ञांना ही गोष्ट माहीत नव्हती असे नाही. जॉन हार्टविक यांनी १९७७ मध्ये एक साधा नियम मांडला: संपुष्टात येणाऱ्या साधनसंपत्तीतून मिळणारा सगळा अधिलाभ, म्हणजे उत्खननाचा खर्च आणि त्यावरचा रास्त परतावा वजा जाता उरणारी रक्कम, जर दुसऱ्या प्रकारच्या भांडवलात गुंतवली, तर साठा संपत गेला तरी पुढच्या पिढ्यांचा उपभोग घटत नाही. याच विचाराच्या आधारे जागतिक बँक देशांची ‘समायोजित निव्वळ बचत’ काढते. तिच्यात राष्ट्रीय बचतीतून घसारा वजा करतात, शिक्षणावरचा खर्च मिळवतात आणि खनिजे, इंधने व जंगले यांची घट वजा करतात. खनिजांवर विसंबलेल्या कित्येक देशांचा विकासदर ज्या वर्षांत चकचकीत दिसतो, त्याच वर्षांत त्यांची ही बचत उणे असते. आपल्या लेखातील कोष्टकाला हा एक स्तंभ जोडला असता, तर निष्कर्ष निराळा निघाला असता, असे मला वाटते.

बसून खाल्ले तर डोंगरही पुरत नाही, असे आपण म्हणतो. प्रशांत महासागरातील नाउरू या देशाने ही म्हण अक्षरशः खरी करून दाखवली. अवघ्या २१ चौरस किलोमीटरचे हे बेट. किनाऱ्यालगत हिरवी पट्टी आणि मध्ये उंच पठार. ते पठार उत्तम प्रतीच्या फॉस्फेटचे होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात परक्या कंपन्यांनी ते खोदायला सुरुवात केली आणि पुढे बराच काळ ऑस्ट्रेलिया, ब्रिटन व न्यूझीलंड यांनी आपल्या शेतांसाठी ते स्वस्तात नेले. १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला, दोन वर्षांनी उत्खनन त्याच्या ताब्यात आले आणि सत्तरच्या दशकात नाउरूचे दरडोई उत्पन्न जगातल्या सर्वांत वरच्या देशांत गणले जाऊ लागले. लोकांना आयकर नव्हता. दहा हजारांच्या आतबाहेर वस्ती असलेल्या या देशाची स्वतःची विमान कंपनी होती, तिच्या ताफ्यात अनेक जेट विमाने होती, आणि मेलबर्नमध्ये ५२ मजल्यांची इमारत नाउरूच्या नावाने उभी होती.

नाउरूने काहीच राखून ठेवले नाही, असा समज आहे. तो बरोबर नाही. फॉस्फेटच्या स्वामित्वधनासाठी, म्हणजे उत्खननाच्या मोबदल्यात मिळणाऱ्या रकमेसाठी, न्यास होता, त्यात पैसा जमाही होत होता. परंतु गुंतवणुका बेफिकिरीने झाल्या, तुटीची अंदाजपत्रके त्याच न्यासाच्या भरवशावर मांडली गेली, आणि शिल्लक असलेल्या मालमत्तेवरच कर्जे उचलली गेली. शतक संपता संपता काढण्याजोगे फॉस्फेटही जवळपास संपले. २००४ मध्ये मेलबर्नची ती इमारत देणी भागवण्यासाठी विकली गेली. त्याआधीच, २००१ पासून, ऑस्ट्रेलियाकडे आश्रय मागणाऱ्या लोकांना आपल्या बेटावर डांबून ठेवण्याच्या मोबदल्यात नाउरू पैसे घेऊ लागला होता. बेटाचा सुमारे चार पंचमांश भाग आज चुनखडीच्या दातेरी सुळक्यांचे रान आहे. त्यावर शेती होत नाही, घर बांधता येत नाही आणि धड चालताही येत नाही. जहाजात भरलेल्या प्रत्येक टनाची नोंद त्या त्या वर्षी उत्पन्न म्हणून झाली. सुळक्यांची नोंद कोणत्याच वर्षी खर्च म्हणून झाली नाही. मला हे उदाहरण दारिद्र्याचे म्हणून महत्त्वाचे वाटत नाही, चुकीच्या वहीचे म्हणून वाटते.

आता शापाकडे वळतो. हा शब्दप्रयोग रिचर्ड ऑटी यांनी १९९३ मध्ये रूढ केला आणि दोन वर्षांनी जेफ्री सॅक्स व अँड्र्यू वॉर्नर यांनी त्याला आकड्यांचे बळ दिले. सत्तरच्या दशकाच्या आरंभी ज्या देशांच्या अर्थव्यवस्थेत कच्च्या मालाच्या निर्यातीचा वाटा मोठा होता, त्यांची पुढच्या दोन दशकांतली वाढ सरासरीने मंद राहिली, असे त्यांना आढळले. हा निष्कर्ष जगभर गाजला. परंतु त्यांनी मोजले ते साठे नव्हते. त्यांनी मोजले ते कच्च्या मालावरचे अवलंबन, आणि या दोहोंत फार अंतर आहे. ज्या घरात बाकी कोणी कमावत नाही, त्या घरात आजोबांच्या पेन्शनचा वाटा मोठा दिसणारच; त्यावरून पेन्शनमुळेच घरातली तरुण माणसे निकामी झाली असे ठरवणे घाईचे होईल. क्रिस्टा ब्रुनश्वाइलर आणि एर्विन बुल्टे यांनी २००८ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला आणि भूगर्भातील साठ्यांचे प्रत्यक्ष मोल धरून पाहिले असता वाढ मंदावत नाही, उलट तिला थोडाफार हातभारच लागतो, असे दाखवले. आपल्या लेखकाचा रोख बहुधा याच संशोधनाकडे असावा आणि तेवढ्यापुरते त्यांचे म्हणणे मला मान्य आहे.

याच अंगाने अमेरिकेचे उदाहरणही घेण्यासारखे आहे. पहिल्या महायुद्धाच्या आधी तो देश कोळसा, तांबे, लोहखनिज आणि पेट्रोलियम या सर्वांच्या उत्पादनात जगात पहिला होता, आणि त्याच काळात तो कारखानदारीतही पहिला झाला. आर्थिक इतिहासाचे अभ्यासक गॅव्हिन राइट यांनी दाखवून दिले की तिथली जमीन इतरांपेक्षा फार उदार होती असे नव्हे; १८७९ मध्ये स्थापन झालेली भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था, खाणकामाची महाविद्यालये, धातू शुद्ध करण्याच्या नव्या रीती यांमुळे तिथे साठे लवकर सापडले आणि किफायतशीरपणे वापरले गेले. म्हणजे ज्याला आपण निसर्गाची देणगी म्हणतो, तिच्यातला मोठा भाग माणसाच्या ज्ञानाचा असतो. ते ज्ञान देशात राहिले तर खाण संपल्यावरही उरते. यंत्र परदेशी, अभियंता परदेशी आणि शुद्धीकरण परदेशात अशी व्यवस्था असली तर खाणीबरोबर तेही जाते.

शाप नाही, पण ज्या वाटांनी नुकसान होते त्या वाटा खऱ्या आहेत. त्यातली सर्वांत परिचित वाट ‘डच आजार’ या नावाने ओळखली जाते. १९५९ मध्ये नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन प्रांतात नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. वायूची निर्यात वाढली, परकीय चलनाचा ओघ सुरू झाला, तिथले चलन गिल्डर वधारले, आणि तिथल्या कारखान्यांचा माल परदेशी गिऱ्हाइकाला महाग पडू लागला. ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाने १९७७ मध्ये या प्रकाराला हे नाव दिले. त्यामागची यंत्रणा मॅक्स कॉर्डन व पीटर नीअरी यांनी १९८२ मध्ये उलगडली, ती थोडक्यात अशी: खनिजाचा पैसा देशात खर्च होऊ लागला की घरे, बांधकाम, हॉटेले, वकील, न्हावी अशा ज्या गोष्टी बाहेरून मागवता येत नाहीत, त्यांचे भाव आणि तिथली मजुरी वाढते. कापड किंवा यंत्रे बनवणाऱ्यालाही मग तेवढीच मजुरी द्यावी लागते, पण त्याच्या मालाचा भाव जगाच्या बाजारात ठरत असल्याने तो त्याला वाढवता येत नाही. तो हळूहळू गाशा गुंडाळतो. यात कोणाचा गुन्हा नसतो, भ्रष्टाचार नसतो. प्रत्येकजण आपल्या पुरते शहाणपणानेच वागत असतो. खरे नुकसान पुढे कळते, कारण कारखान्यात माणूस करता करता जे शिकतो, ते शिकणेच त्या देशात थांबलेले असते.

नेदरलँड्स त्यातून सावरला, कारण त्याच्याकडे वायूखेरीज पुष्कळ काही होते. पण ग्रोनिंगेनच्या गोष्टीला एक उत्तरार्ध आहे आणि माझ्यासारख्या हिशेबनीसाला तो अधिक बोचतो. वायू काढल्याने जमीन खचू लागली, भूकंपाचे धक्के बसू लागले. २०१२ मध्ये हुइझिंगे गावाजवळ ३.६ तीव्रतेचा धक्का बसला आणि त्या भागातल्या हजारो घरांना तडे गेले. अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथले उत्खनन बंद करण्यात आले. साठ वर्षे ज्या वायूचे पैसे दरवर्षी जमा होत होते, त्याच्यापोटीचे देणे साठ वर्षांनी समोर आले. आमच्या धंद्यात याला दडलेले दायित्व म्हणतात, आणि कंपनीने ते आधी दाखवले नाही तर प्रश्न विचारले जातात.

दुसरी वाट भावांच्या चढउताराची आणि त्याच्या जोडीने येणाऱ्या कर्जाची. जुलै २००८ मध्ये खनिज तेलाचा भाव पिंपाला १४५ डॉलरच्या वर गेला होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो ४० च्या खाली आला. ज्या सरकारचे निम्म्याहून अधिक उत्पन्न तेलावर आहे, त्याने शिक्षकांचे पगार कोणत्या भावाने धरायचे? चढत्या भावात सुरू केलेल्या योजना उतरत्या भावात बंद करता येत नाहीत, म्हणून कर्ज काढले जाते. आणि गंमत अशी की कर्ज मिळते ते चढत्या भावात, नको असताना. १९७६ मध्ये मेक्सिकोला कांतारेल हे विशाल तेलक्षेत्र सापडले, बँका दाराशी रांगेत उभ्या राहिल्या आणि ऑगस्ट १९८२ मध्ये त्याच देशाने देणी फेडता येत नसल्याचे जाहीर केले. हे विसाव्या शतकाचेच दुखणे आहे असेही नाही. १५४५ नंतर दक्षिण अमेरिकेतील पोतोसीच्या डोंगरातून चांदीचा ओघ येत असताना स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने १५५७, १५७५ आणि १५९६ मध्ये सावकारांची देणी थांबवली. चांदीची जहाजे वाटेत असतानाच ती गहाण पडलेली असत.

पैसा एकदम आला की तो पचवण्याची ताकदही एकदम येत नाही, हे नायजेरियात १९७५ मध्ये दिसले. तेलाच्या भाववाढीने हात सैल झालेल्या तिथल्या लष्करी राजवटीने सुमारे दोन कोटी टन सिमेंटची मागणी जगभर नोंदवली. लागोस बंदराची वर्षभरात सिमेंट उतरवून घेण्याची क्षमता त्याच्या किरकोळ अंशाइतकीच होती. सिमेंटने भरलेली शेकडो जहाजे बंदराबाहेर महिनोन् महिने नांगर टाकून उभी राहिली, त्यांचे विलंबशुल्क दिवसागणिक चढत गेले, आणि दमट हवेत सिमेंटची पोती जहाजातच दगड होऊ लागली. त्या वर्षीच्या वहीत हा खर्च बहुधा विकासकामे या शीर्षकाखाली पडला असेल.

अलीकडे तर पैसा हाती येण्याआधीच नुकसान सुरू होते. घानाला २००७ मध्ये ज्युबिली तेलक्षेत्र सापडले आणि २०१० च्या अखेरीस उत्पादन सुरू झाले. पुढच्या पाच वर्षांच्या आत त्या देशाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जावे लागले आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याने परदेशी कर्जाची परतफेड थांबवली. मोझांबिकला २०१० च्या सुमारास समुद्रात वायू सापडला; त्या वायूचा पैसा येण्याच्या कितीतरी आधी सरकारी हमीवर काढलेली आणि संसदेपासून लपवलेली सुमारे दोन अब्ज डॉलरची कर्जे २०१६ मध्ये उघडकीस आली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशी ही अवस्था. खनिज सापडल्याची बातमी हीच खर्चाची परवानगी समजली जाते. म्हणूनच अशा बातम्या छापताना वृत्तपत्रांनी हात थोडा आखडता घ्यावा, असे मला वाटते.

तिसरी वाट करांची. ज्या सरकारला लोकांच्या खिशातून पैसा काढावा लागतो, त्याला लोकांचे ऐकावेही लागते. रस्ता का झाला नाही, असे करदाता विचारतो. ज्याला एका पाइपलाइनच्या तोंडाशी बसून पैसा मिळतो, त्याला लोकांची फारशी गरज उरत नाही, आणि जे लोक काही देत नाहीत त्यांना हिशेब मागण्याचा हक्कही बजावावासा वाटत नाही. सत्ता मिळवणे म्हणजे त्या तोंडाशी बसणे, असा अर्थ झाला की सगळी हुशारी उत्पादनाऐवजी जागा पटकावण्यात खर्च होते. हाल्वोर मेहलुम, कार्ल मोएने आणि राग्नार तोर्विक या तीन नॉर्वेजियन अभ्यासकांनी २००६ मध्ये हेच आकडेवारीनिशी मांडले: जिथे संस्था धड असतात तिथे साधनसंपत्ती वाढीला मदत करते, जिथे त्या लुटीला मोकळ्या असतात तिथे मारक ठरते.

अभ्यासक नॉर्वेजियन असावेत हे स्वाभाविकच. १९६९ मध्ये उत्तर समुद्रात एकोफिस्क हे तेलक्षेत्र सापडले, तेव्हा नॉर्वेत तेलाचा जाणकार जवळपास कोणी नव्हता. इराकमधून आदल्याच वर्षी तिथे आलेले भूवैज्ञानिक फारूक अल-कासिम यांच्या अनुभवाचा तिथल्या मंत्रालयाने उपयोग करून घेतला आणि तेलव्यवसायाची सरकारी घडी त्यांच्या मदतीने बसवली. १९९० मध्ये निधीचा कायदा झाला, १९९६ मध्ये त्यात पहिली रक्कम पडली. तेलातून सरकारला मिळणारे निव्वळ उत्पन्न या निधीत जाते आणि निधीची सगळी गुंतवणूक देशाबाहेर होते, त्यामुळे क्रोन या तिथल्या चलनावरचा आणि देशातल्या मजुरीवरचा ताण कमी राहतो. अंदाजपत्रकात निधीतून किती घ्यायचे, याची मर्यादा २००१ मध्ये निधीच्या अपेक्षित वास्तव परताव्याइतकी, म्हणजे ४ टक्के ठरली. परतावा कमी मिळेल असे दिसू लागल्यावर २०१७ मध्ये ती ३ टक्क्यांवर आणली. मुद्दलाला हात न लावता व्याजावर घर चालवायचे, एवढेच हे आहे. मात्र तेल सापडण्याआधीपासून तिथे कर भरले जात होते, न्यायालये चालत होती आणि वर्तमानपत्रे प्रश्न विचारत होती, हे विसरून त्या निधीची नुसती नक्कल करता येत नाही.

तशी नक्कल झाली आहे. चाडमधून कॅमेरूनच्या किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या तेलवाहिनीला जागतिक बँकेने पाठबळ दिले ते एका कायद्याच्या अटीवर. १९९९ च्या त्या कायद्यात भावी पिढ्यांसाठी १० टक्के रक्कम बाजूला काढण्याची आणि मोठा वाटा शिक्षण, आरोग्य अशा कामांवर खर्च करण्याची तरतूद होती. तेल २००३ मध्ये वाहू लागले. तीन वर्षेही पुरती झाली नव्हती, तोच सरकारने कायदा बदलून भावी पिढ्यांचा निधी रद्द केला आणि सुरक्षादलांवरचा खर्चही प्राधान्याच्या यादीत घातला. २००८ मध्ये कर्ज मुदतीआधीच फेडून चाड मोकळा झाला आणि बँक बाहेर पडली. तेल महाग झालेले असल्याने ते त्याला परवडले. अट घालणाऱ्याची गरज जिथे उरत नाही, तिथे अट कशी टिकणार?

याउलट चिलीने जे केले त्याला धैर्य लागते. तांब्याचा दीर्घकालीन भाव काय धरायचा, हे तिथे सरकारबाहेरच्या तज्ज्ञांचे मंडळ ठरवते आणि बाजारभाव त्याहून वर गेला तर वरची रक्कम राखून ठेवली जाते. २००८ पूर्वीच्या तेजीत तिजोरी भरलेली असताना खर्चाला नकार देणाऱ्या अर्थमंत्री आंद्रेस वेलास्को यांच्यावर लोक रागावले होते, निदर्शने झाली होती. जागतिक मंदीत तांबे कोसळले, तेव्हा त्याच राखलेल्या पैशातून २००९ मध्ये कुटुंबांना मदत देता आली आणि त्यांची लोकप्रियता एकदम वाढली. बहुतेक अर्थमंत्र्यांना हे दुसरे वर्ष पाहायला मिळत नाही.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो, आणि तो मी टाळत नाही. ज्या देशात शाळांना छपरे नाहीत, त्याने खनिजाचा पैसा परदेशी रोख्यांत कुजवत ठेवायचा का? मुळीच नाही. मुद्दल म्हणजे केवळ बँकेतली ठेव नव्हे. १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा बोत्स्वानात अवघा १२ किलोमीटर पक्का रस्ता होता आणि पदवीधरांची संख्या बावीसच्या घरात होती. पुढच्याच वर्षी ओरापा येथे हिरे सापडले. पहिले अध्यक्ष सेरेत्से खामा हे ज्या बामांग्वातो जमातीच्या राजघराण्यातले, तिच्याच मुलखात ही जागा होती. तरीही खनिजांचे हक्क जमातींकडून काढून राष्ट्राकडे देणारा कायदा त्यांच्याच सरकारने केला. हिऱ्यांचा पैसा रस्ते, शाळा, पाणी आणि दवाखाने यांत घालायचा, चालू खर्च शक्यतो इतर उत्पन्नातून भागवायचा, ही तिथली शिस्त होती. १९९४ पासून उरलेल्या रकमेसाठी पुला निधीही आहे. कितीतरी वर्षे बोत्स्वाना जगातल्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या अर्थव्यवस्थांपैकी एक राहिला. नैसर्गिक भांडवल विकून दुसरे भांडवल उभे करणे ते हेच, फक्त ते खरोखर भांडवल आहे की मंत्र्यांच्या गाड्यांचा ताफा, हे कोणीतरी दरवर्षी तपासले पाहिजे. आणि एवढे करूनही बोत्स्वानाची निर्यात हिऱ्यांपासून सुटली नाही. प्रयोगशाळेत बनणाऱ्या हिऱ्यांमुळे आणि घटत्या मागणीमुळे २०२४ मध्ये त्याची अर्थव्यवस्था आकसली. साठा संपण्याआधी त्याची किंमतच संपू शकते, हा धडा हार्टविकच्या नियमात नव्हता.

म्हणून आपल्या लेखकास माझे सांगणे एवढेच की गयानाचा तो आकडा अजून यशाचा नाही आणि अपयशाचाही नाही. गोदाम विकले गेले आहे, पैसे आले आहेत. ते कशात घातले हे अजून वहीत यायचे आहे. २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने राष्ट्रीय लेख्यांची जी नवी पद्धत मान्य केली, तिच्यात नैसर्गिक साठ्यांची घट उत्पादनाचा खर्च म्हणून धरण्याची आणि निव्वळ उत्पादनाला अधिक महत्त्व देण्याची तरतूद आहे. देशोदेशीच्या सांख्यिकी कार्यालयांना ती अमलात आणायला काही वर्षे लागतील, आणि सकल उत्पादनाचा आकडा तर तेव्हाही तसाच मोठा दिसत राहील. तोपर्यंत आपल्या दैनिकाला एक विनंती आहे: यापुढे खनिजसंपन्न देशांचे कोष्टक छापाल, तेव्हा विकासदराच्या शेजारी त्या देशाची समायोजित निव्वळ बचतही छापा. जागा एका स्तंभाचीच लागेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त हिशेबतपासनीस